गृहबांधणीतील वन्यजीवसंरक्षण

निवासी बांधकामामुळे वन्य जीव व त्यांचे अधिवास यांची होणारी हानी टाळण्यासाठी किंवा घटवण्यासाठी केलेली उपाययोजना. भारतात तिला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चा आधार असून वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी नष्ट करणे या अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत मोडते. महाराष्ट्रातील नागरी भागांत वृक्षतोडीचे नियमन १९७५ च्या अधिनियमाने होते. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने २०,००० चौ. मी. व त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांना पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी आवश्यक ठरवली (पहा : पर्यावरणीय आघात मूल्यमापन). इंग्लंडमध्ये २०२४ पासून बहुतेक मोठ्या प्रकल्पांना जैवविविधतेत किमान १० टक्के वाढ बंधनकारक आहे.

हानी टाळणे, घटवणे, अधिवासाचे पुनरुज्जीवन व शेवटी भरपाई असा उपायांचा क्रम असतो. बांधकामापूर्वी जीवसर्वेक्षण केले जाते. झाडतोड विणीच्या हंगामाबाहेर करतात. राखलेल्या झाडांच्या मुळांभोवती कुंपण घालतात. वरच्या थरातील माती वेगळी साठवतात, गाळ ओढ्यात जाऊ नये म्हणून अडवतात आणि प्राणी अडकू नयेत यासाठी रात्री चर झाकतात. दिव्यांचा झोत खाली वळवून निशाचरांना होणारा उपद्रव कमी केला जातो (पहा : प्रकाशप्रदूषण).

अधिवासांचे विखंडन रोखणे, भ्रमणमार्ग अबाधित राखणे (पहा : वन्यजीव संचारमार्ग) आणि मानव–वन्यजीव संघर्ष मर्यादित ठेवणे यांसाठी हे उपाय महत्त्वाचे आहेत.