संगणकाची विसरलेली तारीख

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी आमच्या घरातला जुना डेस्कटॉप सुरू होईना. आदल्या रात्रीपर्यंत तो बिनतक्रार चालत होता. बटण दाबले, पंखा फिरला, एकदा 'टीं' असा आवाज आला. पडद्यावर 'सीमॉस चेकसम एरर' असे शब्द उमटले, त्याखाली ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नसल्याची ओळ आली आणि सगळे तिथेच थांबले.

मी घाबरलो ते यंत्रासाठी नाही. अब्बा आणि त्यांच्या पिढीतल्या काही माणसांनी सांगितलेल्या १९४८ सालच्या आठवणी मी त्यात टाइप करून ठेवल्या होत्या. त्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थानात पोलीस कारवाई झाली, तेव्हा ही माणसे मराठवाड्यातल्या खेड्यांत पोरवयात होती. आज त्यांतले बहुतेक जण हयात नाहीत, अब्बाही नाहीत. दुसरी प्रत काढायची राहून गेली होती. ती चूक सर्वस्वी माझी.

ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केले, "विंडोज उडालंय सर. फॉरमॅट मारू, नवीन टाकून देतो." मी म्हणालो, "भाई, जरा थांबा." साक्षीदाराला काही न विचारता कागद जाळण्यासारखे ते होते. यंत्र काहीतरी सांगत होते. ते आधी समजून घ्यायला हवे होते, आणि त्यासाठी मला थोडे मागे जावे लागले.

संगणकाची मुख्य स्मृती वीज गेली की कोरी होते. मग वीज आल्यावर पहिली आज्ञा त्याला कोण देणार? १९७५ च्या अल्टेअर ८८०० या संगणकात माणूस ती देत असे. पुढच्या फळीवरचे खटके एकेक वरखाली करून सुरुवातीचा छोटा प्रोग्राम भरावा लागे. मायक्रोसॉफ्टच्या पॉल ॲलन यांनी असा प्रोग्राम त्या कंपनीकडे जाताना विमानातच लिहून काढला होता.

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पीसी जाहीर केला, तेव्हा हे काम 'बायॉस' नावाच्या, चिपमध्ये कायम कोरलेल्या प्रोग्रामकडे होते. तो आधी मेमरी, कीबोर्ड, पडदा तपासतो आणि मग डिस्ककडे वळतो. सगळे ठीक असेल तर एकदा 'टीं' करतो. माझ्या संगणकाने तेच केले होते. म्हणजे मेमरी आणि पडदा शाबूत होते.

आयबीएमने या बायॉसचा मजकूर आपल्या तांत्रिक पुस्तकात छापला होता, पण त्यावर कॉपीराइट होता. कॉम्पॅकने त्यावर तोड काढली. एका गटाने बायॉस काय काम करतो एवढेच लिहून काढले. मूळ मजकूर कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्यावरून नवा प्रोग्राम लिहिला. नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅकचा संगणक जाहीर झाला, आणि १९८४ पासून फिनिक्स ही कंपनी असा बायॉस इतरांना विकू लागली. आपल्याकडे गल्लीतल्या दुकानात वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग जोडून 'असेंबल्ड' संगणक मिळू लागला, त्याची वाट इथून निघते. माझाही त्यातलाच.

आता राहिला 'सीमॉस'. १९८१ च्या पीसीत वीज गेल्यावर चालणारे घड्याळच नव्हते. दर वेळी तो तारीख विचारी. उत्तर दिले नाही तर १ जानेवारी १९८० धरून चाले. १९८४ च्या 'एटी' या मॉडेलमध्ये घड्याळाची चिप आली आणि तिच्या जोडीला बॅटरी. त्या चिपमध्ये जागा अवघी ६४ बाइट. त्यातली १४ घड्याळासाठी आणि उरलेली ५० इतर नोंदींसाठी. पुढच्या संगणकांत कोणत्या डिस्ककडे आधी जायचे हेही अशाच बॅटरीवरच्या स्मृतीत राहू लागले.

इथे माझी ट्यूब पेटली. भिंतीवरचे बटण चालू असेल तर बंद संगणकालाही थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ तिच्यावर चालते. त्यामुळे बॅटरी संपली तरी कळत नाही. विजा कडाडू लागल्या म्हणून आठवडाभरापासून मी रात्री ते बटण बंद करत होतो. त्याच आठवड्यात सकाळी तारीख चुकलेली दिसे आणि मी दुर्लक्ष करी. शेवटी सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. माझ्या संगणकात दोन डिस्क आहेत. नोंदी नसल्याने यंत्र विंडोज नसलेल्या डिस्ककडे जाऊन हात हलवत परत येत होते.

वायर काढून डबा उघडला. आतली रुपयाच्या नाण्यासारखी तीन व्होल्टची 'सीआर २०३२' बॅटरी बदलली, तारीख भरली, विंडोजची डिस्क पहिली केली. विंडोज उघडले. अब्बांची फाइल जागेवर होती. मग दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो हसून म्हणाला, "सेल गेला होता होय!"

एक घोळ मात्र उरला. या संगणकाला इंटरनेट नाही. त्यामुळे त्या आठवड्यात दुरुस्त केलेल्या फाइलींवर १ जानेवारी २००९ ही तारीख पडली आहे. बोर्ड बनवणाऱ्याने ठरवलेली मूळ तारीख ती. अब्बा माझ्याशी बोलले २०१२ मध्ये. उद्या कुणी या फाइली पाहिल्या तर त्याला वाटेल, आठवणी सांगण्याआधीच लिहिल्या गेल्या, आणि तो अब्बांवर किंवा माझ्यावर शंका घेईल. म्हणून प्रत्येक फाइलीच्या पहिल्या ओळीत खरी तारीख आणि बॅटरीची हकीकत लिहून ठेवली. दोन प्रती काढल्या. त्यातली एक आपाच्या घरी आहे.