उंबरठ्याबाहेरची शिरगणती

दिवाळीत आपण उंबरठ्यावर पणती ठेवतो. ज्यांना उंबरठाच नाही त्यांना सरकार मोजते तरी कसे, या कुतूहलाने मी खानेसुमारीच्या इतिहासाकडे वळलो.

बहुतेक साऱ्या हिंदुस्थानची एकाच वेळी झालेली पहिली शिरगणती १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्रीची. आपला पनवेल तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. जो जिथे सापडेल तिथे त्याला मोजायचे, असा त्या काळचा खाक्या. गणकांना वाट दिसावी म्हणून चांदणी रात्र निवडीत. एका रात्रीचा हा प्रघात १९३१ पर्यंत चालला.

पुढे गणना अनेक दिवसांची झाली; बेघरांपुरती मात्र एक रात्र उरली. २०११ साली ९ फेब्रुवारीपासून घरोघर मोजणी झाली आणि २८ च्या रात्री गणक देवळांच्या ओसऱ्या, फलाट, रस्त्यांच्या कडा धुंडाळीत फिरले. देशात सुमारे १७ लक्ष ७३ हजार बेघर भरले. बेघर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचा पदपथ येतो. पण यांतले ८ लक्ष ३४ हजारांहून अधिक खेड्यांतले होते!

शहरात दिव्याखाली माणूस दिसतो. खेड्यात तो शोधावा लागतो. आपल्याकडचा कातकरीच घ्या. पूर्वी तो खैराचा कात पाडी, त्यावरून त्याचे हे नाव. आता दिवाळी सरली की कितीतरी कुटुंबे वाडी सोडून वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. गणना नेमकी फेब्रुवारीत! गणनेचा सारा काळ जो बाहेरगावी, त्याची नोंद घरी होत नाही. असेल तिथे व्हायची. भट्टीवरच्या पेंढ्याच्या खोपटाला छप्पर असते, म्हणून कागदोपत्री तेही घरच. म्हणजे कातकरी बेघरांत धरला जात नाही. आणि गणक भट्टीकडे फिरकला नाही, तर माणसांतही नाही.

ही नुसती आकडेमोड नव्हे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचा शिधा किती जणांना द्यायचा, हे २०११ च्याच आकड्यांवरून ठरले.

२०२१ ची गणना लांबली. नवीसाठी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र नेमली आहे. त्याआधीच्या फेब्रुवारीत गणकाने वाडीवरची बंद ताटी पाहून माघारी फिरू नये, भट्टीची वाट विचारावी. ती दाखवणे आम्हां पनवेलकरांना मुळीच जड नाही.