चौदा सेकंद

मागच्या शनिवारी रात्री अडीच वाजेपर्यंत जागून मी एकच क्लिप पंधरा-वीस वेळा पाहिली. कृष्णधवल, खरखरीत. एक माणूस दोरांपाशी खाली बसलाय, एका हाताने खालचा दोर धरलाय. दुसरा उभा आहे, आणि तिसरा त्याला "तिकडे जा, तिकडे जा" असं खुणावतोय. रूममेट पाणी प्यायला उठला, स्क्रीनकडे बघून म्हणाला, "अरे, ही मॅच शंभर वर्षांपूर्वी संपलीय. झोप आता."

संपलीय खरी. पण भांडण अजून चालू आहे. आणि मंडळी, मी आत्तापर्यंत या भांडणात चुकीच्या बाजूला होतो असं मला वाटायला लागलंय.

२२ सप्टेंबर १९२७, शिकागोचं सोल्जर फील्ड. हेवीवेट जगज्जेतेपदासाठी जीन टनी विरुद्ध जॅक डेम्पसी, सामना दुसरा. लाखाच्या वर प्रेक्षक, तिकिटांचे २६ लाख डॉलर (त्या काळचे!), आणि उरलेला देश रेडिओला कान लावून.

आधी डेम्पसीबद्दल. हा खाणकामगारांच्या गावांतून, दारूच्या गुत्त्यांत मारामाऱ्या करत वर आलेला गडी. ४ जुलै १९१९ ला त्याने जेस विलर्ड नावाच्या साडेसहा फुटी धिप्पाड विजेत्याला पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा खाली पाडलं. तो प्रकार पाहताना खरं तर अंगावर काटा येतो, कारण विलर्ड गुडघ्यावरून उठायच्या बेतात असतो आणि डेम्पसी शेजारीच उभा असतो. उठला की ठोसा. तेव्हा तसं चालायचं. १९२३ मध्ये अर्जेंटिनाच्या फिर्पोलाही त्याने असंच झोडपलं, फक्त मध्ये एकदा फिर्पोने त्याला दोरांमधून थेट रिंगच्या बाहेर फेकलं होतं. तो वेगळाच किस्सा, पुन्हा कधीतरी.

टनी बरोबर उलटा. पहिल्या महायुद्धात मरीन म्हणून फ्रान्सला गेलेला, पुस्तकं वाचणारा, प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करून येणारा. (पुढे त्याने येल विद्यापीठात शेक्सपिअरवर व्याख्यान दिलं आणि बर्नार्ड शॉशी दोस्ती केली. आमच्या कॉलेजात असता तर पहिल्या बाकावर बसला असता, आणि आम्ही त्याच्याच नोट्स झेरॉक्स केल्या असत्या.) १९२६ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियाला भर पावसात त्याने दहा राउंड डेम्पसीला नुसतं खेळवलं आणि विजेतेपद काढून घेतलं. डेम्पसी तीन वर्षं लढलाच नव्हता, गंज चढला होता. सुजलेलं तोंड घेऊन परतल्यावर बायकोने विचारलं, काय झालं? तर म्हणे, मी खाली वाकायला विसरलो.

गंमत म्हणजे या हरण्याने डेम्पसी लोकांचा लाडका झाला. त्याआधी महायुद्धात सैन्यात गेला नाही म्हणून त्याची छी-थू झाली होती, १९२० मध्ये त्यावरून खटला चालून तो निर्दोष सुटला होता. आता मात्र लोकांना तोच हवा होता. हुशार माणसावर प्रेम करणं अवघड असतं बहुधा.

आता नियम. आपल्या कुस्तीत चितपट झाली की विषय संपला. बॉक्सिंगमध्ये पडणं म्हणजे हरणं नव्हे, दहा आकडे मोजेपर्यंत उठायची मुभा असते. आणि इलिनॉय राज्यात नियम असा होता की समोरचा पडला की पाडणाऱ्याने सगळ्यात लांबच्या मोकळ्या कोपऱ्यात जायचं. तो जात नाही तोवर रेफरीने मोजायचं नाही. (मराठीत रेफरीही पंच आणि ठोसाही पंच, म्हणून इथे रेफरीच म्हणतोय.) विलर्डचं झालं तसं होऊ नये म्हणूनच असले नियम. सामन्याआधी रेफरी डेव्ह बॅरीने दोघांना रिंगच्या मध्यभागी बोलावून हे सांगितलंसुद्धा.

पहिले सहा राउंड टनीचे. सातव्यात डेम्पसीला ती अर्धी फट सापडली. उजवा, डावा, पुन्हा डावा. टनी दोरांवर रेलला आणि घसरत खाली गेला. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचा. आणि डेम्पसी? तो तिथेच उभा! वर्षानुवर्षांच्या सवयीने, बळी उठायची वाट पाहत. बॅरी त्याला हाताने ढकलतोय, ओरडतोय. रिंगबाहेर टाइमकीपरचं मोजणं सुरू झालेलं, तो पाचपर्यंत पोचला तेव्हा कुठे डेम्पसी कोपऱ्याकडे निघाला. बॅरी वळला आणि त्याने एकपासून सुरुवात केली. नऊ म्हणताना टनी उठला. एकूण तेरा-चौदा सेकंद.

उठल्यावर टनीने शहाण्यासारखं केलं, मागे मागे पळत गोल फिरत राहिला. डेम्पसीचे पाय तिशी ओलांडलेले. तो थांबतो, वैतागून हाताने खुणावतो, ये ना, लढ ना! ते पाहून मला दर वेळी गलबलून येतं. दहा राउंड संपले, टनी एकमताने विजयी. डेम्पसीच्या माणसांनी अपील केलं, फेटाळलं गेलं. शिकागो म्हणजे तेव्हा कॅपोनचं शहर, त्यामुळे अफवांनाही तोटा नव्हता. त्या वाटेला मी जात नाही.

"डेम्पसीला लुबाडलं" हे मी कॉलेजपासून तावातावाने मांडत आलोय. त्या चार-पाच सेकंदांत त्याचं विजेतेपद गेलं, बस्स. टनी मात्र आयुष्यभर म्हणत राहिला की मी आधीही उठू शकलो असतो. क्लिपमध्ये बॅरीने मोजायला सुरुवात केल्यावर लगेचच टनी मान वर करून त्याच्याकडे बघतोय हे स्पष्ट दिसतं. म्हणजे शुद्धीवर होता. उठलाही असता. पण उठून डेम्पसीसमोर टिकला असता का? टनी काहीही म्हणो, त्या जादा सेकंदांनी त्याच्या पायांत जीव आला हे मला दिसतं.

मग मत का बदललं? दोन गोष्टी. एक, याच्या दोनच महिने आधी, जुलैमध्ये, डेम्पसीची जॅक शार्कीशी लढत झाली. डेम्पसी कमरेखाली मारतोय अशी तक्रार करायला शार्कीने रेफरीकडे मान वळवली, आणि तेवढ्यात डेम्पसीने त्याच्या जबड्यावर हुक घालून त्याला झोपवलं. तोही सातवाच राउंड! टनीशी दुसरा सामना मिळाला तो या विजयामुळे. रेफरीच्या घोळाचा फायदा तेव्हा खिशात घातला, त्याबद्दल आम्ही डेम्पसीवाले कधी बोललो नाही.

दुसरी गोष्ट जरा खाजगी. आमच्याकडे रिलीजची पद्धत बदलली: आधी एका सर्व्हरवर टाका, दहा मिनिटं थांबा, मग बाकीच्यांवर. मीटिंगमध्ये मान हलवणाऱ्यांत मी पहिला. आणि रात्री एक वाजता माझ्या बोटांनी जुनीच कमांड मारली, एकदम सगळ्या सर्व्हरवर. नियम माहीत नव्हता असं नाही. बोटांना माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी "असली प्रोसेस काढलीच कुणी" म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणाराही मीच होतो. डेम्पसी निदान स्वतः तरी फार ओरडला नाही. टनीशी त्याची नंतर छान मैत्री झाली, न्यूयॉर्कमध्ये त्याचं रेस्टॉरंटही बरीच वर्षं जोरात चाललं.

एक कुसळ मात्र अजून टोचतंय. आठव्या राउंडमध्ये टनीने डेम्पसीला पाडलं. डेम्पसी लगेच उठला, म्हणून कुणाच्या लक्षात राहत नाही. पण बॅरीने मोजायला सुरुवात केली तेव्हा टनी कोपऱ्यात गेला नव्हता! तोच नियम, तोच रेफरी, चारेक मिनिटांचा फरक. सातव्यासाठी बॅरीला माफ केलं, आठव्याचं काय करायचं कळत नाही.

बाकी, शनिवारी मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून तीनदा मोजलं. १३.४, १४.२, १३.८. त्यात माझा अंगठा उशिरा पडतो, आणि त्या काळच्या फिल्मचा वेग एकसारखा नसायचा, त्यामुळे हे सेकंद तरी खरे सेकंद आहेत का, हाही प्रश्नच.