पुळण आणि वाळू : एका क्रीडानामाचा अर्थपालट

खेळाच्या नावात पुष्कळदा त्याचे मूळ स्थळ दडलेले असते. खेळ स्थलांतर करतो तेव्हा नाव तेच राहते, अर्थ मात्र पालटतो. ‘बीच व्हॉलीबॉल’ या नावाचा असा अर्थपालट वाळूच्या आधारे तपासणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

व्हॉलीबॉलचा जन्म १८९५ साली अमेरिकेतील होलिओक येथे व्यायामशाळेत झाला. विल्यम मॉर्गन हे त्याचे जनक होत. १९२० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील सांता मोनिकाच्या पुळणीवर तो रुजला. तेथे वाळूची निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. पायांखाली होती तीच वाळू.

१९९६ साली या खेळास ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले, ते समुद्रापासून दूर असलेल्या अटलांटात. सामने जवळच्या जोन्सबरो येथील कृत्रिम पुळणीवर झाले. जेथे समुद्र नाही तेथे वाळू कशी असावी, हे शब्दांनीच सांगावे लागते. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार क्रीडांगण सपाट व एकसारखे असावे. त्यात दगड, शिंपले इत्यादी इजा करणारे पदार्थ नसावेत. अधिकृत स्पर्धांसाठी वाळूचा थर किमान ४० सेंटिमीटर खोल व सैल कणांचा असावा. वाळू भरड नको, तशीच धूळ उडेल वा अंगास चिकटेल इतकी बारीकही नको. यामागील कारण उघड आहे. गाळमाती मिसळलेली वाळू भिजून वाळली की घट्ट बसते, आणि झेप घेऊन पडणाऱ्या खेळाडूस तिचा आधार राहत नाही.

या व्याख्येत समुद्राचा उल्लेखही आवश्यक नाही, हे लक्षणीय होय. किंबहुना शिंपले हे पुळणीचे स्वाभाविक लक्षण येथे दोष ठरले आहे. २०१२ साली लंडनमध्ये हॉर्स गार्ड्‌स परेड या संचलनभूमीवर सामने झाले, तेव्हा वाळू सरे परगण्यातील खाणीतून आणली गेली. ‘बीच’ हा शब्द आता स्थळाचा वाचक न राहता पृष्ठभागाच्या गुणाचा वाचक झाला आहे.

मराठीत हा भेद मुळातच आहे. संस्कृत ‘पुलिन’पासून आलेली ‘पुळण’ स्थळ दाखविते, तर ‘वाळू’ द्रव्य. म्हणून पारिभाषिक शब्द योजावयाचा झाल्यास ‘पुळणीवरील’पेक्षा ‘वाळूवरील व्हॉलीबॉल’ हाच अधिक यथार्थ ठरेल. नावावरून स्थळाचे अनुमान करणाऱ्या अभ्यासकानेही यातून सावधगिरीचा बोध घ्यावा.