मुळीक, प्रताप

पुण्याचे चित्रकथाकार. शिवचरित्रापासून विषारी फुंकर सोडणाऱ्या नागमानवापर्यंत त्यांचा कुंचला सारख्याच सहजतेने फिरला. अनंत पै यांनी 1967 साली सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’च्या प्रमुख चित्रकारांत त्यांची गणना होते. या मालेतील ‘शिवाजी’ची संहिता भा. रा. भागवतांची, म्हणजे ‘फास्टर फेणे’च्या जनकाची, चित्रे मुळीकांची. पुराणातले राक्षस, मायावी अस्त्रे आणि रणांगणे रंगवण्याचा हात इथे बसला.

1983 मध्ये इंडिया बुक हाउसने अमिताभ बच्चन यांनाच अद्भुत नायक करून ‘सुप्रीमो’ ही माला काढली; तिची चित्रेही मुळीकांचीच. संहितांवर गुलजार यांची देखरेख होती. सोबतीला शाहीन नावाचा ससाणा आणि सोनाली ही डॉल्फिन. माला फार काळ चालली नाही.

त्यांचे खरे गाजलेले काम म्हणजे राज कॉमिक्सचा ‘नागराज’ (1986). पहिले लेखक परशुराम शर्मा. प्राध्यापक नागमणीने दहशतवाद्यांना भाड्याने देण्यासाठी घडवलेला हा मानव मनगटांतून साप सोडतो. त्याला मोकळे करतात ते बाबा गोरखनाथ. प्रयोगशाळा आणि नाथपंथी चमत्कार यांची ही सरमिसळ बेधडक आहे आणि कथानके पुष्कळदा सैल. ती तोलून धरली चित्रांनी. मुळीकांनी हिरवे खवले चढवले ते शरीरशास्त्र पक्के ठाऊक असलेल्या हाताने. त्यांचा नागराज फुगीर स्नायूंचा नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातल्या मल्लखांबपटूसारखा चिवट, लवचीक आहे. 1990 नंतरच्या दशकात ही व्यक्तिरेखा अनुपम सिन्हा यांच्याकडे गेली आणि तिचा बांधा बदलला. आधीचा अधिक विश्वसनीय वाटतो, हे नोंदवायला हवे.

‘नागराज’ मूळ हिंदी. अकोला-अमरावतीकडे त्याची अडचण नव्हती. हे जिल्हे 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होते आणि बाजारात, रेल्वेत, शेजारीपाजारी हिंदी कानांवर पडतच असे. त्यामुळे पुण्याच्या या चित्रकाराचे सर्वांत लोकप्रिय काम वऱ्हाडातल्या पोरांना अनुवादाविना वाचता येण्याजोगे होते. मराठी कलासमीक्षेने मात्र चित्रकथेला पोरखेळ मानले, आणि मुळीकांविषयीचे लेखन तुटपुंजे राहिले. रेखाटन शिकणाऱ्यांसाठीचे त्यांचे ‘स्केचिंग’ हे पुस्तक ज्योत्स्ना प्रकाशनाने काढले आहे.