कंटेनरमध्ये दिसणारा लोड ॲव्हरेज नेमका कोणाचा?

ॲपला मर्यादा आहे फक्त २ कोरची. कंटेनरच्या आत 'अपटाइम' कमांड दिली, तर लोड ॲव्हरेज दिसतो २०. पाहणारा घाबरतो, ॲप रीस्टार्ट करतो, तरी आकडा जागचा हलत नाही. कारण तो आकडा त्या ॲपचा नसतोच!

लोड ॲव्हरेज म्हणजे काय?

लिनक्स सर्व्हरवर हे तीन आकडे दिसतात : गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांची सरासरी. सीपीयूवर सुरू असलेली कामं, पाळीची वाट पाहणारी कामं आणि डिस्कसारख्या कारणाने अडकलेली कामंही त्यात मोजली जातात. म्हणूनच कधी कधी सीपीयू रिकामा असूनही लोड वाढलेला दिसतो.

हा आकडा कोरच्या संख्येशी ताडून पाहायचा असतो. ४ कोरच्या सर्व्हरवर २० म्हणजे मोठी रांग. ३२ कोरच्या सर्व्हरवर तोच आकडा सहसा काळजीचा नसतो. १ मिनिटाचा आकडा १५ मिनिटांच्या आकड्यापेक्षा मोठा असेल, तर ताण वाढतोय असं समजायचं.

कंटेनरमध्ये गोंधळ का होतो?

कंटेनर म्हणजे स्वतंत्र मशीन नव्हे. डॉकरमध्ये एका सर्व्हरवरचे कंटेनर सहसा एकच लिनक्स कर्नल वापरतात. लोड ॲव्हरेज हा त्या अख्ख्या सर्व्हरचा असतो. सोसायटीचं सामाईक मीटर बघून आपल्या फ्लॅटचं वीजबिल ठरवावं, तसाच हा प्रकार.

उलटंही घडतं. कंटेनरला अर्ध्या कोरची मर्यादा असेल, तर सर्वसाधारणपणे दर १०० मिलिसेकंदांत त्याला ५० मिलिसेकंदच सीपीयू मिळतो. तो संपला की पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं. याला 'थ्रॉटलिंग' म्हणतात. अशा वेळी सर्व्हरचा लोड कमी दिसतो, पण ॲप मात्र रखडतं.

मग पाहायचं काय?

प्रत्येक कंटेनरचा हिशोब कर्नलमधल्या 'सीग्रुप'मध्ये असतो. कंटेनर किती वेळा थ्रॉटल झाला, हे तिथे कळतं. २०१८ मध्ये लिनक्स ४.२० सोबत 'प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन' ही सोय आली. सीपीयू, मेमरी किंवा डिस्कसाठी कामं किती टक्के वेळ खोळंबली, हे ती सांगते. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत ही माहिती प्रत्येक कंटेनरसाठी वेगळी मिळू शकते.

थोडक्यात, लोड ॲव्हरेज सर्व्हरची तब्येत सांगतो. ॲप संथ झालं असेल, तर रीस्टार्ट करण्याआधी किंवा मोठा सर्व्हर घेण्याआधी त्या कंटेनरचे स्वतःचे आकडे पाहायला हवेत.