नत्र, स्फुरद, पालाश आणि माझी अकरावी

वडखळ नाका म्हटलं की लोकांना ट्रॅफिक आठवतो. मला केमिस्ट्री आठवते, आणि तीही फारशी प्रेमाने नाही.

दहावीपर्यंत मी मराठी मीडियमचा. अकरावी सायन्सला सगळं एकदम इंग्रजीतून. पहिल्या युनिट टेस्टमध्ये एक गणित होतं: युरियात नायट्रोजनचं शेकडा प्रमाण काढा. मी कोरं सोडलं. शेजारच्या बाकावरच्या मित्रानेही कोरं सोडलं. मी रडतखडत पुढे गेलो, इंजिनियरिंग केलं, आयटीत लागलो. त्याने दिवाळीनंतर सायन्सच सोडलं.

गेल्या वीकांताला घरी गेलो होतो. माळा आवरताना खताची जुनी रिकामी गोण हाती लागली. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: नत्र ४६ टक्के. मी दोन मिनिटं बघतच राहिलो. कार्बन १२, ऑक्सिजन १६, नायट्रोजन दोन म्हणजे २८, हायड्रोजन चार. एकूण ६०. साठात अठ्ठावीस म्हणजे ४६.७. अहो, टेस्टचं उत्तर आमच्या माळ्यावर पडून होतं!

आणि आजोबांना हे सगळं तोंडपाठ होतं. आमची खारेपाटातली भातशेती. "नत्र कमी पडलं की भात पिवळा पडतो, जास्त झालं की लोळतो," हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण आजोबांचं नत्र म्हणजेच वर्गातला नायट्रोजन, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

हे शब्द आले कुठून? एकोणिसाव्या शतकात केमिस्ट्री आपल्याकडे इंग्रजीतून आली. ती मराठीत आणायला ज्यांनी कंबर कसली त्यांत मोठं नाव बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांचं. कोल्हापूरला विज्ञान शिकवणारे हे गृहस्थ पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र असे विषय मराठीत लिहीत होते, तेही परिभाषेचा पत्ता नसताना. त्या काळातल्या आणि नंतरच्या लेखकांनी मूलद्रव्यांना मराठी नावं दिली. ऑक्सिजन प्राणवायू झाला, हायड्रोजन उज्ज, कार्बन कर्ब, नायट्रोजन नत्र, फॉस्फरस स्फुरद.

पुढे पाठ्यपुस्तकांनी आंतरराष्ट्रीय नावं घेतली, आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच होतं. संज्ञा इंग्रजी अक्षरांत आणि नाव उज्ज, हा मेळ कसा बसणार? उज्ज गेला. प्राणवायू हॉस्पिटलच्या बातम्यांपुरता उरला. पण नत्र, स्फुरद, पालाश मात्र टिकले. कॉलेजात नाही, शेतात. कारण १८४० मध्ये लीबिगने शेतीच्या रसायनशास्त्रावर पुस्तक लिहून पिकाला खनिज द्रव्यं लागतात हे ठासून मांडलं, आणि त्यातून उभा राहिलेला खतांचा धंदा शेवटी आमच्या बांधापर्यंत पोचला. १९८०च्या दशकात तर अलिबागजवळ थळला आरसीएफचा कारखानाच आला. हवेतला नायट्रोजन आणि नैसर्गिक वायूपासून मिळवलेला हायड्रोजन वापरून अमोनिया, आणि अमोनियापासून युरिया. हाबरची पद्धत आम्ही बारावीला घोकली, कारखाना घरापासून तासाभरावर होता.

आता एक गंमत. १५:१५:१५ च्या गोणीवर स्फुरद १५ टक्के लिहिलेलं असतं ना? ते शुद्ध फॉस्फरसचं नसतं, त्याच्या ऑक्साइडचं असतं. हिशेब केला तर फॉस्फरस भरतो जेमतेम साडेसहा टक्के. पालाशचंही तसंच, पोटॅशियम साडेबाराच्या आसपास. नत्र तेवढं खरंखुरं १५. जुने रसायनज्ञ पृथक्करणाचे आकडे ऑक्साइडमध्ये मांडत, व्यापाराने आणि कायद्याने तीच पद्धत धरून ठेवली. आमच्या भाषेत लेगसी कोड. चालतंय ना, मग हात लावू नका :)

असो. उज्ज परत आणा असं माझं अजिबात म्हणणं नाही. इंग्रजीवरही राग नाही, पोट त्यावरच चालतंय. पण पहिल्या तासाला कुणी फक्त एवढं म्हटलं असतं, "नायट्रोजन म्हणजे तुमच्या घरचं नत्र, उद्या येताना गोणीवरचा आकडा लिहून आणा," तर वर्गातल्या अर्ध्या पोरांना काहीतरी आधीपासून येत होतं. आम्ही मात्र समजलो की आपल्याला काहीच येत नाही.

रविवारी त्या मित्राला नाक्यावर भेटलो. तो आता शेती बघतो, खताचे डोस माझ्यापेक्षा शंभरपट चांगले जाणतो. चहाच्या बिलामागे ते साठ-अठ्ठावीसचं गणित करून दाखवलं. त्याने कागद उलटसुलट करून बघितला.

"एवढंच होतं?" म्हणाला.

मी काही बोललो नाही. चहाचे पैसे मात्र त्याने मला देऊ दिले नाहीत.